जुनी होडी, जुनं मशीन: आधी पाण्याचा माग काढा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापासून वर हर्णै-मुरुडपर्यंत वाळूत ओढून ठेवलेल्या लहान होड्या पाहिल्या तर त्यातल्या बऱ्याचशा आता फायबरच्या दिसतात. कितीतरी होड्यांनी पंधरा-वीस पावसाळे काढलेले असतात. पिछाडीला 9.9 पासून 40 हॉर्सपॉवरपर्यंतचं आऊटबोर्ड मशीन असतं, तेही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातातलं. नवी होडी घेणं सगळ्यांना परवडत नाही आणि दर वेळी त्याची गरजही नसते. चांगल्या कारागिराने बांधलेली फायबरची होडी नीट राखली तर तीस वर्षंही काम देते. मात्र तिच्यावर खर्च कुठल्या क्रमाने करायचा, हे मालकाला कळलं पाहिजे. अनेक जण रंगावर, फिश फाइंडरवर, नव्या दिव्यांवर पैसे घालतात आणि मशीन ज्या फळीवर टांगलेलं आहे ती आतून कुजलेली असते.

जुन्या होडीची जवळजवळ सगळी दुखणी पाण्याची असतात. फळीच्या प्लायमध्ये मुरलेलं पाणी, तळाच्या फोममध्ये साचलेलं पाणी, गिअर ऑइलमध्ये शिरलेलं पाणी, पेट्रोलच्या तळाशी बसलेलं पाणी. आणि मशीन थंड ठेवायला जे पाणी वर चढायला हवं, ते नेमकं चढत नाही. या लेखातला दुरुस्तीचा क्रम या पाण्याच्या मागावरच लावला आहे.

सुरुवात वेळेपासून. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी 1 जूनपासून लागते आणि मिळेल ती मासळी घ्यावी म्हणून पुष्कळ जण 31 मेपर्यंत समुद्रात जातात. होडी नवी असेल तर ठीक. जुनी होडी मेच्या पहिल्या पंधरवड्यातच वर घ्या. एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. 2021 साली तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला झोडपून गेलं, आणि 2020 साली निसर्ग 3 जूनला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. त्या दिवसांत नांगरावर असलेल्या होड्यांचं काय झालं ते किनाऱ्याने पाहिलं आहे. दुसरं कारण फारसं कुणी बोलत नाही. फायबरचं काम दमट हवेत नीट होत नाही. ओल्या प्लायवर किंवा ओलसर जुन्या फायबरवर रेझिन लावलं तर वरून ते कडक होतं, पण खाली धरत नाही. सहा महिन्यांत थर सुटतो आणि लोक मालाला दोष देतात. होडी पावसाआधी किमान दोन-तीन आठवडे उन्हात, बूच काढून, उलटी किंवा तिरकी वाळली पाहिजे. फायबरची दुरुस्ती मेमध्ये आणि मशीनची कामं जून-जुलैत पडवीत बसून, असा हिशेब ठेवला तर बंदीचा सगळा काळ कामी येतो.

मागची फळी

मशीन ज्या मागच्या फळीवर बसतं, त्या ट्रान्समपासून तपासणी सुरू करा. बहुतेक जुन्या होड्यांत ही फळी म्हणजे दोन बाजूंनी फायबर चढवलेला प्लाय असतो. मशीनचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, शिडीचे किंवा पट्टीचे स्क्रू, यातलं एखादं भोक जरी सीलंटशिवाय राहिलं असेल तर खारं पाणी आत जातं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. फळी बाहेरून गुळगुळीत दिसते आणि आतून काळी पडते.

यासाठी महागडं उपकरण लागत नाही. मशीन जागेवर असताना त्याच्या डोक्याला धरून पुढे-मागे जोराने हलवा आणि कुणाला तरी फळीकडे बघायला सांगा. फळी वाकताना दिसली, कोपऱ्यात केसासारख्या भेगा उघडताना दिसल्या, तर आत गडबड आहे. मग लहान हातोडीच्या मुठीने किंवा जाड नाण्याने सगळ्या फळीवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, स्पष्ट आवाज येतो. सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी आवाज बसका येतो. शंका आली तर आतल्या बाजूने, बोल्टच्या खालच्या अंगाला, 4-5 मिलिमीटरचं भोक पाडा आणि ड्रिलला लागून येणारा भुसा हातात घ्या. फिकट, कोरडा, लाकडाचा वास असलेला भुसा आला तर त्याच दिवशी ते भोक इपॉक्सीने बुजवा आणि निश्चिंत व्हा. गडद तपकिरी, चिकट, बोटांत दाबल्यावर ओल सोडणारा आणि कुबट वासाचा लगदा आला, तर त्या फळीवर पुढच्या हंगामात मशीन टांगू नका. भर लाटेत फळी सुटली तर मशीन जातंच, पण मागून उघडलेली होडी काही क्षणांत भरते.

कुजका प्लाय बदलायचं काम गावातला चांगला फायबरवाला करू शकतो. तुम्ही फक्त पाच गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, प्लाय आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लायच हवा. आयएस 303 चा घरगुती प्लाय स्वस्त मिळतो, पण तो या कामाचा नाही. दुसरी, आतल्या बाजूचं फायबर कापून सगळा कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत काढला पाहिजे. अर्धं ठेवून वरून थर चढवणं म्हणजे ओल आत कोंडणं. तिसरी, जुन्या आणि नव्या फायबरचा जोड उतरता घासलेला हवा. जुना थर जितका जाड, त्याच्या निदान बारापट रुंदीवर घासून उतार दिला तर जोड धरतो. 5 मिलिमीटर जाडीला 6 सेंटिमीटर, असा हिशेब. चौथी, प्लायच्या सगळ्या कडा आणि बोल्टची भोकं रेझिनने बंद झाली पाहिजेत. उघडी राहिलेली कडा पाणी पिते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तुम्ही पुन्हा तिथेच येता.

पाचवी गोष्ट जिवाची आहे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन्ही द्रव्यं जातात. ती थेट एकमेकांत कधीही ओतू नका. आग लागते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा आणि हार्डनर त्यानंतर घाला. बाजारात बरंचसं रेझिन कोबाल्ट मिसळूनच मिळतं, तसंच घेतलेलं बरं. हार्डनर 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोला 10 ते 20 मिलिलिटर. मेच्या उन्हात खालच्या आकड्याजवळ राहा, नाहीतर डबा हातातच तापून गोठतो. हार्डनर डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. मुलांना आणि विडी ओढणाऱ्यांना त्या जागेपासून लांब ठेवा.

फळी नवी झाली की मशीन किती उंचीवर बसतंय ते बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली यावी. फार वर असेल तर वळणावर पंखा हवा खातो आणि मशीन ओरडतं. फार खाली असेल तर पाण्याचा ओढा वाढतो आणि पेट्रोल जास्त जातं. आखूड शाफ्टची मशीनं 15 इंची फळीसाठी आणि लांब शाफ्टची 20 इंची फळीसाठी असतात. दुसऱ्या हाताचं मशीन घेताना हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या दोन-स्ट्रोकच्या जागी चार-स्ट्रोक घ्यायचा विचार असेल तर वजन विचारा. तेवढ्याच ताकदीचं चार-स्ट्रोक मशीन बरंच जड असतं. होडी मागून बसते आणि पूर्वी पाण्याच्या वर असलेली निचऱ्याची भोकं पाण्याखाली जातात.

तळ आणि फोम

वाळूत रोज ओढल्या जाणाऱ्या होडीचा कणा झिजतो. विशेषतः पुढचा भाग, जिथे होडी वाळूला पहिली टेकते. तिथे फायबरचे धागे उघडे दिसू लागले की पाणी धाग्यांच्या वाटेने आत चढतं. दर दोन-तीन वर्षांनी कण्यावर मॅट आणि विणलेल्या कापडाचे दोन जादा थर द्या. ज्यांची होडी खाडीत कायम पाण्यावर असते त्यांनी तळाला फोड आलेत का ते बघावं. फोडातून आंबूस वासाचं पाणी निघालं तर फोड उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावा.

फोमकडे सहसा कोणी बघत नाही. होडी उलटली किंवा भरली तरी तरंगावी म्हणून आसनांखाली आणि बाजूंच्या पोकळीत फोम भरलेला असतो. वीस वर्षांत कडेच्या भेगांतून पाणी शिरत राहिलं तर तो पाणी धरून ठेवतो. अशी होडी रिकामीच जड वाटते, पूर्वी चार माणसांनी वर यायची तिला सहा लागतात, पाण्यात खाली बसते. आणि ज्या दिवशी फोमची गरज पडेल त्या दिवशी तो काहीच उचलणार नाही. आसनाच्या खालच्या बाजूला भोक पाडून बघा. पाणी टपकलं तर ओला भाग काढून बंद पेशींचा नवा फोम भरा. कष्टाचं काम आहे, पण खलाशांचा जीव त्यावर आहे.

मशीनची धार

मालवणी मेकॅनिक जुन्या मशीनसमोर उभा राहिला की बहुधा एकच सांगतो: "आदी धार बघ, मगे आवाज आयक." मागून बाहेर पडणारी पाण्याची धार म्हणजे मशीनच्या आत थंड पाणी फिरतंय याची खूण. ती धार पातळ झाली, तुटक झाली किंवा नेहमीपेक्षा गरम लागली, तर पुढे जाऊ नका.

ही धार चढवतं ते पायात बसवलेलं रबरी पात्यांचं छोटं चाक, इम्पेलर. आपल्याकडे वाळूच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यातच मशीन सुरू करावं लागतं, त्यामुळे वाळू पंपात जाते आणि पाती घासतात. जुन्या मशीनला इम्पेलर दर वर्षी बदला, दिसायला चांगला असला तरी. पडून राहिलेल्या मशीनमध्ये पाती एका बाजूला वाकलेल्या स्थितीत कडक होतात, म्हणून बंदीनंतर नवाच घालावा. त्यासोबत पंपाचं घर आणि खालची पट्टीही हाताने चाचपून बघा. त्यावर खोल चरे पडले असतील तर नवा इम्पेलरही दाब धरणार नाही. एक पातं तुटलेलं सापडलं तर ते कुठे गेलं याचा शोध घ्या. तुकडा वरच्या पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो.

पाण्याशिवाय मशीन क्षणभरही सुरू करू नका. "चालतंय का बघतो" म्हणून कोरड्यात दोन झटके दिले तरी रबर जळतं. परतल्यावर पाय आणि पंखा गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून दहा-पंधरा मिनिटं मंद गतीवर चालवा. सगळ्यांकडे रोज एवढं गोडं पाणी नसतं हे खरं आहे. मग निदान आठवड्यातून दोनदा तरी. मीठ आत वाळलं की थर्मोस्टॅट चिकटतो, पाण्याच्या वाटा बारीक होतात आणि एक दिवस धार असूनही सिलिंडर तापतो. जुन्या मशीनचा थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाका. उघडला नाही तर बदला. काढून तसंच मशीन चालवायची सवय आपल्याकडे आहे. ती चुकीची आहे. मशीन फार थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि प्लग काळे होतात.

झिंकचे तुकडे, म्हणजे ॲनोड, मशीनच्या पायाला लावलेले असतात. ते झिजण्यासाठीच असतात, त्यांनी झिजावं आणि मशीनचं ॲल्युमिनियम वाचावं. अर्धे झिजले की बदला. त्यांच्यावर रंग कधी लावू नका. रंगवलेला ॲनोड काहीच काम करत नाही, आणि मग मशीनचा पायच पोखरला जातो.

गिअर ऑइलचं निदान तर दोन मिनिटांचं आहे. खालचा स्क्रू काढा, मग वरचा, आणि ऑइल पांढऱ्या डब्यात घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेला, पाणी आत आलं. बोटांमध्ये चमकणारे बारीक कण लागले तर गिअर झिजतायत. नवं ऑइल खालच्या भोकातूनच दाबून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. वॉशर दर वेळी नवे. आपल्या भागात सील जायचं सगळ्यात मोठं कारण तंगूस. गिलनेटच्या फाटक्या जाळीचे धागे पंख्याच्या शाफ्टवर गुंडाळले जातात, आत सरकतात आणि तापून रबरी सील कापतात. म्हणून जाळ्यातून गेलेलं मशीन उचललं की पंखा काढून शाफ्ट साफ करा. महिन्यातून एकदा तर कुठलंही कारण नसताना काढा, ग्रीस लावा, पुन्हा बसवा. पंखा काढला म्हणजे तो शाफ्टवर गंजून पक्का धरत नाही, आणि समुद्रात पिन तुटली तर बदलता येते. जादा पिन, जादा नट आणि पाना होडीत असलाच पाहिजे.

पेट्रोल, आता आणखी जपून

देशात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आऊटबोर्ड कंपन्या सहसा 10 टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात, आणि आपल्या हातातली जुनी मशीनं तर इथेनॉलचा विचार नसतानाच्या काळात बनलेली आहेत. दुसरं पेट्रोल मिळत नाही, निदान सहसा तरी नाही, म्हणून याच पेट्रोलवर मशीन कसं जपायचं ते शिकलं पाहिजे.

इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. खाऱ्या, दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवली की हळूहळू पाणी वाढत जातं. ठरावीक हद्द ओलांडली की मिश्रण फुटतं. पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल वर राहतं. दोन-स्ट्रोक मशीनचं ऑइल त्या वरच्या पेट्रोलबरोबर असतं. टाकीतली नळी तळापर्यंत जाते, म्हणजे सकाळी मशीनला पहिल्यांदा मिळतो तो खालचा, बिनऑइलचा थर. मशीन आधी अडखळतं, कसंबसं चालू राहिलंच तर पिस्टन कोरडा घासतो आणि धरतो. मग "ऑइल तर बरोबर घातलं होतं" असं म्हणून मालक ऑइलला दोष देतो.

उपाय साधे आहेत. आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त पेट्रोल मिसळून ठेवू नका. समुद्रात जायच्या आदल्या रात्री टाकीच्या तळातलं पाव लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर किंवा रेषा दिसली तर ते पेट्रोल मशीनला देऊ नका. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवा. रबरी नळ्या आणि हाताने दाबायचा बल्ब जुने असतील तर इथेनॉल सहन करणारे नवे घ्या. जुनी नळी आतून सोलते आणि तिचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. बल्ब दाबून ठेवल्यावर सपाटच राहिला तर तो जाण्याच्या वाटेवर आहे.

ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात दिलेलं तेच. बऱ्याच दोन-स्ट्रोक आऊटबोर्डना ते 50 ला 1 असतं, म्हणजे 10 लिटरला 200 मिलिलिटर. मापाची बाटली ठेवा. "थोडं जास्तच घालू, बरं असतं" म्हणत ओतलेलं ऑइल प्लग काळे करतं. आणि ऑइल टीसी-डब्ल्यू 3 मानकाचंच घ्या. दुचाकीचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनलेलं आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या आऊटबोर्डमध्ये त्याची राख प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत साचते.

बंदीत मशीन ठेवताना टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या तळातला स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल गाळा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टीसी-डब्ल्यू 3 ऑइल सोडा आणि दोरी हळू ओढून फिरवा. मग मशीन स्टँडवर उभंच ठेवा. आडवं टाकलं तर पायात राहिलेलं पाणी वर सिलिंडरकडे येतं. महिन्यातून एकदा प्लग काढून दोरी पुन्हा दोनदा ओढली तर रिंगा चिकटत नाहीत.

दुसरं लहान मशीन जोडीला ठेवणाऱ्यांना एकच सांगतो: त्याची टाकी वेगळी ठेवा. मोठं मशीन बहुधा खराब पेट्रोलमुळे बंद पडतं आणि त्याच टाकीवर जोडलेलं दुसरंही पाच मिनिटांत बंद पडणार. लहान मशीन दर आठवड्याला पाण्यात दहा मिनिटं चालवा. वर्षभर न चालवलेलं राखीव मशीन संकटात सुरू होत नाही. आणि दोन मशीनं असली तरी दोन वल्ही होडीत हवीतच.

मशीन बुडालं तर

खाडीच्या तोंडाशी होडी उलटते, मशीन खाऱ्या पाण्यात जातं. पहिल्या काही तासांत काय करता यावर ते वाचणार की भंगारात जाणार, हे ठरतं. वर काढलं की खारट लोखंडाला हवा लागते आणि गंज लगेच धरतो. मेकॅनिक मिळेपर्यंत वेळ लागणार असेल तर मशीन वाळूत उन्हात ठेवू नका. गोड्या पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. विचित्र वाटेल, पण गोड्या पाण्यात बुडालेलं मशीन उन्हात वाळणाऱ्या खारट मशीनपेक्षा सुरक्षित असतं.

दुरुस्तीला हात घातला की आधी झाकण काढून सगळं गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, प्लगची भोकं खाली येतील असं मशीन धरून दोरीने हळू फिरवा आणि पाणी बाहेर काढा. दोरी अडकली तर जोर लावू नका. मशीन चालू असताना बुडालं असेल तर सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा ते उघडल्याशिवाय पर्याय नाही. वाळू आत गेल्याची शंका असेल तरीही उघडाच. पाणी निघालं की कार्बोरेटर काढून धुवा, जुनं पेट्रोल फेका, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, विजेचे जोड सुकवा, नवे प्लग घाला आणि त्याच दिवशी सुरू करून निदान अर्धा तास चालवा. आतली उरलेली ओल उष्णतेनेच जाते. चार-स्ट्रोक असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर आधी बदला आणि थोडं चालवल्यावर पुन्हा बदला.

सगळ्यात आधी कुठलं सामान

फिश फाइंडर उपयोगी आहे, मान्य. पण यादीत तो शेवटी येतो.

पहिलं लाइफ जॅकेट, जेवढी माणसं तेवढी, आणि अंगावर. आसनाखाली बांधून ठेवलेलं जॅकेट उलटलेल्या होडीखाली राहतं. दुसरी किल स्विचची लाल दोरी. लहान आऊटबोर्ड होडीत हँडल धरलेला माणूस पडला की होडी गोल फिरून त्याच्यावरच येते. ती दोरी मनगटाला अडकवा. जुन्या मशीनची दोरी हरवलेली असते आणि लोक स्विच वायरने जोडून टाकतात. तसं असेल तर आजच पूर्ववत करा.

तिसरं, मदत मागायचं साधन. मोबाइलवर भरवसा ठेवायचा नाही, किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं की त्याची रेंज संपते. तरी रेंज असेल तोवर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी सुरक्षेचा 1093 हे क्रमांक सगळ्या खलाशांच्या तोंडी असावेत. पाण्यात न बिघडणारा हातातला व्हीएचएफ संच असेल तर संकटाची वाहिनी 16. इस्रोने मच्छीमारांसाठी तयार केलेलं संकट-संदेश यंत्र, डॅट, उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या केंद्राकडे तुमची जागा पाठवतं. 2024 पासून आलेल्या त्याच्या नव्या पिढीत संदेश पोहोचल्याची पोचही समुद्रात परत मिळते. आपल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याची चौकशी करा. निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज बघा. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ आलं तेव्हा ऐन हंगाम होता, पावसाळा नव्हता. आकाश निरभ्र असलं तरी अंदाज बघायची सवय मोडू नका.

विजेचं काम शक्य तितकं कमी आणि चांगलं करा. कथील चढवलेली तांब्याची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, बॅटरी पेटीत आणि पट्ट्याने बांधलेली. जुन्या होडीत जागोजागी काळ्या टेपने जोडलेल्या वायरी दिसल्या तर दुरुस्त करत बसू नका, सगळ्या काढून नव्या ओढा. पाणी उपसायचा पंप तरंगत्या स्विचचा घ्या, पण त्याच्या जोडीला बादली हवीच. रात्री जाळी टाकून थांबता तेव्हा वर लाल आणि खाली पांढरा, चारही बाजूंनी दिसणारे असे दिवे लावा. मोठी जहाजं ते दिवे बघून अंतर ठेवतात.

नांगराला दोन-तीन मीटर साखळी जोडा, नाहीतर तो वाळूवर सरकतच राहतो. दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान पाच-सहा पट. पॉलिप्रॉपिलीनची दोरी उन्हात कुजते. बाहेरून लव निघालेली, हाताने चुरगळल्यावर भुसा सोडणारी दोरी नांगराला बांधू नका.

मशीन बदललं असेल तर नोंदणीच्या कागदांवर नवा क्रमांक आणि ताकद चढवून घ्या. विम्याचा दावा करताना कागदावर एक मशीन आणि होडीवर दुसरं असेल तर भरपाई अडते.

बंदी उठली की पहिल्या दिवशी जाळी घेऊन बाहेर जाऊ नका. आधी खाडीत एक तास. धार बघा, बूच घट्ट आहे का बघा, गिअर पुढे-मागे टाकून बघा, अर्ध्या तासाने मशीन बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू करा. गरम मशीन सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर ते किनाऱ्याजवळ असतानाच कळलेलं बरं. होडी वर घेतल्यावर फळीच्या आतल्या बाजूला, नव्या जोडाच्या कडेने बोट फिरवा, ओल लागते का पाहा. मशीनचे बोल्ट पहिल्या दहा तासांनंतर पुन्हा आवळा. नवा प्लाय दाबला जातो आणि बोल्ट थोडे सैल होतात.